खिडकीताई नदी उतरते

रविवार, १ तारीख

प्रवास कचेरीतल्या बाईंनी आज होकार दिला. होकार म्हणजे अर्धाच. म्हणाल्या, एक तुकडी डोंगरावरच्या जंगलातून पार समुद्रापर्यंत नेऊन दाखवा. सगळे आपापल्या पायांनी पोचले आणि ‘दुसऱ्यांनाही पाठवू’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले, तर तुमच्या सहलीचं नाव आमच्या पाटीवर. नाही पोचले तर विषय संपला. मी ऐटीत म्हटलं, चालेल. मग बाहेर येऊन जिन्यातच बसले.

हे लिहून ठेवते, म्हणजे माघार घ्यावीशी वाटली तर वाचता येईल. धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत मी अर्धं आयुष्य काढलं. होडीची तिकिटं फाडली, भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या, रांगेत घुसणाऱ्यांशी भांडले आणि काचेतून नदी पाहिली. नदी म्हणजे तिचा शेवटचा तुकडा, समुद्राला मिळतो तेवढाच. लोक मला खिडकीताई म्हणायला लागले. आता खिडकी गेली, तिथे यंत्र आलं, पण नाव काही सुटलं नाही. लोक त्या यंत्राला लाथा घालतात तेव्हा मला बरं वाटतं.

भावाने त्याच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला बोलावलंय. भाऊ चांगला आहे, दुकान चांगलं आहे, पण गल्ल्यापुढे काच आहे. पुन्हा काचेमागे मला बसायचं नाही. म्हणून तर खिडकी बंद झाल्यापासून वनरक्षकाच्या मागे लागून मी अख्खी वाट चालून आले, तीही एकदा नाही, दोनदा.

नवऱ्याला बातमी सांगायला धावत गेले. तो स्वतःच्या नावेच्या तळाला डांबर लावत होता. ऐकलं आणि कुंचला पुन्हा डब्यात बुडवला. मग म्हणाला, “वरचं पाणी आपल्याला कळत नाही.”

एवढंच. शाबासकी नाही, चौकशी नाही. नऊ तारखेच्या सोमवारी दुपारी वरच्या धक्क्याशी नाव तयार ठेवीन आणि तुझ्या पाहुण्यांना समुद्रकिनाऱ्यावर सोडीन, एवढं मात्र त्याने माझ्या डोळ्यांकडे न बघता कबूल केलं. मी तणतणत घरात आले. आता बोलणार नाही त्याच्याशी.

बुधवार, ४ तारीख

डोंगरावरच्या विश्रामगृहातून लिहिते आहे. भिंती ओल्या, गाद्या ओल्या, ही वही ओली. पण पोचलो.

निघताना नवरा घरात नव्हता. परवाच म्हणाला, डांबर संपलंय, आणायला जातो, आणि गेला तो गेलाच. डांबर काय जमिनीतून उकरून आणतोय कोण जाणे. निदान निरोप द्यायला यायचं. वर परसातला कोयताही जागेवर नव्हता. वाटेत झुडपं तोडायला मला तो हवा होता. शेवटी कोयत्याशिवायच निघाले आणि बसमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत नवऱ्याला मनातल्या मनात बोलून घेतलं.

पाहुणे तीन. एक दातांची डॉक्टर, तरुण, मोजकं बोलणारी. दुसऱ्या तिच्या सासूबाई, पांढऱ्या केसांच्या, काटक, जिभेला धार. या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण माझ्यामार्फत. “त्यांना म्हणावं, खिडकीपाशी बसा, मळमळणार नाही.” “तिला सांगा, मला काही होत नाही.” मुलाने दोघींना एकत्र धाडलंय आणि स्वतः घरी राहिलाय. हुशार दिसतो.

तिसरे छत्रीवाले. आयुष्यभर छत्र्यांचं दुकान चालवलं, आता मुलाच्या हवाली केलंय. हातात लांब दांड्याची काळी छत्री. जंगलात दाट झाडीत ती उघडायची कशी, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते छत्रीला ठरवू दे.

हे तिघे जर समुद्राला पोचले नाहीत तर मी रंगाच्या डब्यांमध्ये. झोपते.

गुरुवार, ५ तारीख

सकाळी उगमापाशी नेलं. एका काळ्या दगडाखालून पाणी झिरपतं आणि खाली नेच्यांच्या गर्दीत नाहीसं होतं. छत्रीवाल्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “हीच का ती? आमच्या नळाला याहून जास्त धार असते.” सगळे हसले. मी ओंजळ भरून पाणी प्यायले आणि मला एकदम रडूच आलं. जिचा शेवट मी रोज बघत होते तिची सुरुवात माझ्या ओंजळीत मावली होती. पाहुण्यांना वाटलं पाणी नाकात गेलं. वाटू दिलं.

पुढचं जंगल मला लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करते. खोडांवर इतकं शेवाळ की हात टेकला तर ओल्या टॉवेलवर ठेवल्यासारखा वाटतो. झाडांची मुळं भिंतीसारखी उभी, त्यांच्या आड माणूस सहज लपेल. वर ऊन असावं, कारण पानं चमकत होती, पण आमच्यापर्यंत त्यातलं काही येत नव्हतं. एक धनेश पक्षी डोक्यावरून गेला. त्याच्या पंखांचा आवाज एवढा मोठा की सासूबाई खाली बसल्या.

जळवांनी आमचं स्वागत केलं. डॉक्टरबाई त्या शांतपणे काढतात आणि काढताना सवयीने म्हणतात, “जरासं चावेल हं.” चावून तर कधीच झालेलं असतं. पण एक गोष्ट मानली पाहिजे. जिथे जिथे जळवा जास्त तिथे फांदीला मिठाची पुरचुंडी टांगलेली होती, नेमकी हाताशी येईल अशी. वनखातं एवढी काळजी घ्यायला लागलं हे मला माहीत नव्हतं. पुरचुंडीचं कापड निळ्या चौकड्यांचं होतं. आमच्याकडेही असाच एक शर्ट होता, हल्ली दिसत नाही. एक पुरचुंडी मी पिशवीत टाकली, पुढे लागेल म्हणून.

वाटही कुणीतरी नुकतीच साफ केलेली दिसली. काटेरी वेली कापलेल्या, कापल्या जागी अजून चीक ओला. मागच्या दोन्ही खेपांना मी इथे अंग खरवडून घेतलं होतं. आज माझं नशीब जोरावर आहे.

दुपारी छत्रीवाल्यांना पुढच्या वळणावर एक माणूस दिसला. म्हणाले, हातात कोयता होता, आम्हाला बघून मुळांच्या आड झाला. मी म्हटलं, माकड असेल. ते म्हणाले, माकडाने अर्धी चड्डी कशाला घातली असेल? सासूबाईंनी मला विचारलं, “तुझा नवरा काय करतो गं?” म्हटलं, नाव चालवतो, आणि सध्या फुगून बसलाय. त्या म्हणाल्या, अस्सं. आणि का कोण जाणे, हसल्या.

शुक्रवार, ६ तारीख

आज नदीला आवाज फुटला. सकाळपर्यंत ती कुजबुजत होती, दुपारी धबधब्यापाशी आलो तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. डॉक्टरबाई आणि सासूबाई दोघी कठड्याशी कितीतरी वेळ उभ्या होत्या, अंगावर तुषार घेत. इथे मध्यस्थाची गरज नव्हती, कारण बोलणं शक्यच नव्हतं. दोघींचे चेहरे सारखेच दिसत होते.

घळीत उतरून संध्याकाळी मुक्कामाच्या झोपडीवर पोचलो. चुलीशेजारी कोरडी लाकडं रचून, वर ताडपत्री घालून, दोरीने बांधलेली. गाठ सोडायला गेले आणि हात आपोआप चालला. एक टोक ओढलं की सुटणारी, पण वाऱ्याने कधी न सुटणारी. आमच्या धक्क्यावर नावा बांधतात तश्शी. मी पाहुण्यांना म्हटलंसुद्धा, बघा, डोंगरातही कुणाला तरी गाठ मारता येते. डॉक्टरबाईंनी गाठीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी चहात तोंड घातलं.

नवऱ्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, पण आला. एवढा सुंदर धबधबा त्याने पाहिलेला नाही. फुगून बसला नसता तर आणला असता.

पाऊस सुरू झालाय. उद्या सकाळी झोपडीखालच्या उतारावर, म्हणजे पायी पार होता येतं त्या जागी, नदी ओलांडून पलीकडच्या काठाने जायचं. तिथे पाणी गुडघ्याइतकंच असतं.

शनिवार, ७ तारीख

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी उताराशी गेलो तर उतार नव्हताच. रात्रभर वर कुठेतरी पाऊस कोसळला असणार. जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे तांबडं, घोंघावणारं पाणी, आणि त्यातून आख्खी झाडं वाहत चाललेली. कुणीतरी आमच्या आधी इथे आधाराला आडवा दोर बांधला होता. आता त्याचं तुटकं टोक तेवढं या काठावर होतं, पाण्याला टेकलेल्या एका झुडपाच्या बुंध्याशी, आणि थोडं सैल सोडून बांधलेलं. मला बघताक्षणी राग आला. म्हटलं, हे डोंगरातल्या माणसाचं कामच नव्हे. खाडीवरच्या कुणातरी शहाण्याने ओहोटीचा हिशेब धरून बांधलाय. पाणी चढलं तर दोर चढेल आणि उतरलं तर उतरेल, असं वाटलं असेल त्याला. आमच्या नवऱ्याने बांधला असता तर अगदी असाच बांधला असता. सासूबाईंना ठसका लागला.

पण खरी चूक पुढे मी केली. मी पाहुण्यांना ठासून सांगितलं, काळजी करू नका, दुपारपर्यंत पाणी उतरेल. कशावरून? तर माझ्या आयुष्यात चढलेलं पाणी नेहमी उतरलंय. सकाळी चढलं की दुपारी उतरणार, हे माझ्या हाडांत मुरलंय. मी एका पांढऱ्या दगडावर डोळा ठेवला आणि आम्ही थांबलो. छत्रीवाले छत्री उघडून झाडाखाली बसले. मी मजेत गोष्टी सांगत होते. मग बघितलं तर पांढरा दगड कुठेच नव्हता.

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. इथलं पाणी समुद्राला विचारून चढत नाही. ते डोंगर सांगेल तसं चढतं, आणि आणखी कितीही वेळ चढत राहील. “वरचं पाणी आपल्याला कळत नाही,” असं नवरा म्हणाला होता तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आज उभ्या उभ्या पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

आता दोनच मार्ग. मागे फिरायचं, म्हणजे सहल बुडाली. नाहीतर याच काठावरची डोंगराची सोंड चढायची. वर लाकूडतोड्यांची जुनी पायवाट आहे. ती सोंडेवरून जाते आणि खाली शेतांपाशी उतरते, तिथे पक्का पूल आहे. वनरक्षकाने ती मला एकदा दाट धुक्यात दाखवली होती आणि म्हणाला होता, माणसांना घेऊन या वाटेने येऊ नका. मी तिघांनाही सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझी चूकही सांगितली. म्हटलं, मागे फिरायचं असेल तर आत्ता फिरू, कुणाला दोष नाही.

मग सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “चढायचं असेल तर आत्ता चढू. मी बसले की मला परत उठवायला ती यंत्रवाली खुर्ची लागते, हिच्या दवाखान्यातली.” सूनबाई हसली. पहिल्यांदाच.

ती चढण मी विसरणार नाही. काल-परवासारखी साफ वाट आज कुठेच नव्हती. कापलेल्या वेली नाहीत, मिठाच्या पुरचुंड्या नाहीत, नशीब नाही. मी पुढे होऊन हातांनी काटे बाजूला करत होते. कोयता आठवत होता आणि कोयता नेणाराही. एका ठिकाणी वाट दोन फुटली. मला आठवेना. पाहुण्यांना कळू न देता मी थांबले आणि डोळे मिटले. डावीकडून नदीचा आवाज येत होता, म्हणून ती डाव्या हाताला ठेवून चढत राहिले. बरोबर निघालं.

वरच्या खडकावर सासूबाईंना चढता येईना. डॉक्टरबाई वरून ओणवी झाली, हात पुढे केला आणि थेट म्हणाली, “आई, हात द्या.” माझ्यामार्फत नव्हे. सासूबाईंनी क्षणभर त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, “घट्ट धर. मी दिसते त्याहून जड आहे.” छत्रीवाल्यांनी खालून छत्रीच्या दांड्याने त्यांच्या पायाला टेकू दिला. छत्री वाकली. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून हा केवढा मोठेपणा आहे हे मला कळतं.

आणि मग आम्ही वर होतो. ढग फाटले होते. पायाखाली सगळी नदी, वरच्या हिरव्या काळोखातून निघालेली, घळीत पांढरी, शेतांमध्ये रुंद आणि आळसावलेली, आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. तो समुद्र होता. मी जन्मात कधी तो इतक्या उंचावरून पाहिला नव्हता. कुठेतरी त्या रेघेच्या अलीकडे माझी खिडकी होती, दिसतही नव्हती. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. छत्रीवाल्यांनी वाकडी छत्री वर धरून हलवली, आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, आता खाली उतरवशील की इथेच संसार मांडायचा?”

संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी पोचलो. त्याच्या बायकोने गरम भात वाढला. सगळे आपापल्या पायांनी आले. मी आणले त्यांना. हे मी पुन्हा एकदा लिहिते: मी आणले.

रविवार, ८ तारीख

सपाट वाट, ऊन, गाई, बगळे. पायांना फोड. चौघं मिळून गाणं म्हणत चाललो. सुरांबद्दल न बोललेलं बरं. सासू-सुनेचं थेट भांडण झालं, मोज्यांवरून, आणि दोघीही त्यामुळे खुशीत आहेत.

सोमवार, ९ तारीख

दुपारी खारफुटीतून बाहेर पडलो आणि खारा वास आला. माझा वास. वरचा धक्का समोर होता. नाव होती, बांधलेली. नवरा नव्हता.

हाका मारल्या. कुणी नाही. नावेवरची ताडपत्री ओढली तर दोन वल्ह्यांच्या मध्ये कोळिष्टक धरलेलं, म्हणजे कितीतरी दिवसांत नावेला हातही लागलेला नव्हता. आणि बाजूला डांबराचा डबा, शिगोशीग भरलेला, झाकण न उघडलेला. म्हणजे डांबर संपलं नव्हतंच. मग हा गेला कुठे? शब्द दिला होता त्याने. एकच गोष्ट मागितली होती मी. मला इतकं वाईट वाटलं की राग यायलाही थोडा वेळ लागला. मग आला, भरपूर आला.

पाहुणे एकमेकांकडे बघत होते. सासूबाई काहीतरी सांगणार होत्या, पण मी पाण्याकडे बघत होते. भरती भरून थांबली होती. काठावरचा पाचोळा जागच्या जागी फिरत होता, आणि मग अगदी हळू समुद्राकडे निघाला. ओहोटी लागली. आता निघालो तर पाणीच आम्हाला घेऊन जाईल. थांबलो तर चिखल उघडा पडेल, नाव रुतेल, आणि पलीकडे किनाऱ्यावर प्रवास कचेरीतल्या बाई घड्याळ बघत बसतील. हे पाणी मात्र मला कळतं. याच्या वेळा मी काचेमागून अर्ध्या जगाला सांगितल्या आहेत.

म्हटलं, बसा. छत्रीवाले म्हणाले, चालवणार कोण? म्हटलं, मी.

लग्नाआधी नवऱ्याने मला वल्हं मारायला शिकवलं ते याच नावेत. लग्नानंतर वल्हं त्याच्या हातात आणि तिकिटं माझ्या हातात, अशी वाटणी झाली, आणि ती कुणी केली ते दोघांनाही आठवत नाही. पहिल्या दहा फटक्यांत नाव गोल फिरली. त्यानंतर हातांना आठवलं. माझ्या खिडकीसमोरून आम्ही गेलो. यंत्रापुढे रांग होती, आणि रांगेतले दोघेतिघे ओळखीचे होते. त्यांनी मला पाहिलं आणि तिकिटं विसरून कठड्याशी धावले. मी मान ताठ ठेवली. हात सोडून हलवण्याची सोय नव्हती.

मुखाशी नदी आणि समुद्र भिडतात तिथे पाणी उसळतं. नवखा माणूस तिथे मधोमध घुसतो आणि भिजतो. मी वर्षानुवर्षं नावा बघितल्या आहेत. काळ्या खडकाच्या अगदी जवळून गेलं की पाणी शांत असतं. छत्रीवाल्यांना मदत करायची हुक्की आली आणि त्यांनी छत्री उघडली, शिडासारखी. वारा समोरून होता. “मिटा ती,” मी ओरडले, आणि त्यांनी आज्ञाधारक मुलासारखी मिटली. खडकाला घासून आम्ही पार झालो. एक लाट खालून आली, तिने आम्हाला उचललं आणि वाळूवर नेऊन ठेवलं.

कचेरीतल्या बाई बूट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहुणे मोजले, माझ्या हातातलं वल्हं बघितलं आणि विचारलं, नावाडी कुठे आहे? सासूबाई म्हणाल्या, हीच. मग बाईंनी ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला, दुसऱ्या कुणाला पाठवाल का? डॉक्टरबाई म्हणाली, आईंना पुन्हा आणीन. छत्रीवाले म्हणाले, माझ्या मुलाला पाठवतो, छत्री न देता. सासूबाई म्हणाल्या, “मी माझ्या मुलाला पाठवीन. घरी बसून फार सुधारलाय.” बाई हसल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, उद्या पाटीवर नाव चढतंय.

मी वाळूत बसले. जिंकले, असं मनात आलं, आणि लगेच मनात आलं की हे सांगायचं कुणाला, तर त्यालाच, आणि तो नाही.

ऊन उतरत असताना किनाऱ्याच्या टोकाकडून एक माणूस पळत येताना दिसला. पळत म्हणजे लंगडत. अर्धी चड्डी, खांद्यावर कोयता. नवरा. जवळ येईपर्यंत मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. तो थेट माझ्यासमोर आला, आम्हाला एक, दोन, तीन, चार असं बोटाने मोजलं आणि मटकन वाळूत बसला. मी तोंड उघडलं आणि माझी नजर त्याच्या पायांवर गेली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गोल डाग. जळवांचे. खाडीत जळवा नसतात. समुद्रावर तर नसतातच.

“ओरडू नकोस गं त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून तुझ्यापुढे चालतोय बिचारा.”

मी डॉक्टरबाईंकडे बघितलं, छत्रीवाल्यांकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं. माकडाने अर्धी चड्डी का घातली होती हे फक्त मलाच कळलेलं नव्हतं.

तो माझ्याकडे न बघता वाळूशी बोलत होता. दोर बांधून तो पलीकडच्या काठाने पुढच्या झोपडीवर गेला होता, आम्ही गेलो की लांबून बघावं म्हणून. आम्ही आलोच नाही. मागे फिरला तर दोर तुटलेला. “दोर बघितला आणि...” एवढं म्हणून त्याने मूठभर वाळू उचलून टाकली. नंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नदीचा काठ हाका मारत पालथा घातला. शेवटी शेतकऱ्याच्या बायकोने सांगितलं, चौघं जेवून गेले, एकाकडे वाकडी छत्री होती, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. धावत धक्क्यावर आला तर नाव नाही. “मग तो जीव पुन्हा गेला,” तो म्हणाला.

म्हणजे माझी वाट याने साफ केली, माझी लाकडं याने रचली, आणि मी नशिबाचं कौतुक करत होते. खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. मी म्हटलं, मग मी काय केलं?

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. “सोंड तू चढलीस. तिथे माझा कोयता पोचला नव्हता,” तो म्हणाला. “आणि नाव तू आणलीस. मला वरचं पाणी कळलं नाही गं.”

“मलाही नाही कळलं,” मी म्हटलं. “म्हणून तर डोंगरावरून आले.”

तो हसायला लागला, मग मी, आणि मग दोघांनाही थांबता येईना. कचेरीतल्या बाईंना वाटलं आम्हाला ऊन लागलं.

मंगळवार, १० तारीख

पाटीवर नाव चढलं. रंग भावाच्या दुकानातला. तो स्वतः शिडी घेऊन आला आणि गल्ल्याचा विषयही काढला नाही. ‘उगम ते समुद्र’, आणि खाली ‘वाटाड्या’. बाईंनी विचारलं, पुढे काय नाव घालू? म्हटलं, खिडकीताई घाला. लोक त्याच नावाने विचारत येतील.

घरी आले तेव्हा नवरा कोमट पाण्यात पाय सोडून बसला होता. मी पिशवी रिकामी केली. तळाशी ती मिठाची पुरचुंडी होती. सोडली. आत शर्टाच्या कॉलरचा तुकडा होता आणि त्यावर बटण, लाल दोऱ्याने शिवलेलं. त्या दिवशी घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून मीच लालने शिवलं होतं. जंगलात ही पुरचुंडी माझ्या हातात होती आणि मी वनखात्याची स्तुती करत होते. मी ते बटण त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उचलून लाल दोऱ्यावर बोट फिरवलं.

“जुनाच होता तो शर्ट,” तो म्हणाला.

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण मी कामाचंच बोलले.

“पुढच्या खेपेला दोर वरच्या झाडाला बांध.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पाणी गार झालं होतं म्हणून मी आणखी गरम पाणी आणायला उठले.